नाशिकमध्ये राहून शांतता शोधणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला सोसायटीत, ऑफिसात, लग्नात जेवायच्या रांगेत, सगळीकडे विचारले जातात आणि मी प्रत्येकाला वेगवेगळं अर्धवट सांगत बसतो, म्हणून एकदाच नीट लिहून काढलंय. थोडी ओळख देतो म्हणजे कुठून बोलतोय ते कळेल. पंचवटीत राहतो, संभाजीनगर रोडच्या अंगाला, तिसरा मजला, बेडरूमच्या खिडकीसमोर एक लॉन्स, म्हणजे लग्नं लागतात ते उघडं मैदान. नऊ वर्षं ढोल-ताशा पथकात ढोल वाजवलाय. आणि माझ्या डाव्या कानात चोवीस तास एक बारीक शिट्टी वाजत असते, ती कधीच थांबत नाही, त्याबद्दल पुढे येईलच.

तुम्हाला आवाजाचा त्रास होतो म्हणजे सण-उत्सव आवडत नाहीत का?

आवडतात, मनापासून आवडतात. वाकडी बारवपासून विसर्जनाची मिरवणूक निघते तेव्हा कंबरेला ढोल बांधून मी त्यात चाललोय, नाशिक ढोल म्हणजे काय ते मला कोणी समजावून सांगायची गरज नाही, पहिला ठोका पडला की पोटात जे होतं ते आजही होतं. पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला निघालेल्या दिंड्या शहरातून जातात, तेव्हा मी मुद्दाम रस्त्यावर जाऊन उभा राहतो. लांबून टाळ ऐकू येतात, मग मृदंग, मग माणसांचे आवाज, दिंडी जवळ येते, समोरून जाते आणि आवाज हळूहळू पुढे निघून जातो. त्या आवाजाला सुरुवात आहे, शेवट आहे, आणि तो माणसाच्या हातातून आणि गळ्यातून येतो त्यामुळे तो दमतो पण. लॉन्सवरची डीजेच्या आवाजाची भिंत दमत नाही. पाच तास एकाच जागी उभी असते आणि तिच्या समोर कोण राहतं याच्याशी तिचं काही देणंघेणं नसतं. माझं भांडण या दुसऱ्या गोष्टीशी आहे.

नक्की किती आवाज झाला की जास्त म्हणायचं?

देशभरासाठी ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. त्यात राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. बाजारपेठेसाठी ६५ आणि ५५, एमआयडीसीसारख्या औद्योगिक भागासाठी ७५ आणि ७०, शांतता क्षेत्रात, म्हणजे दवाखाना, शाळा, कोर्टाजवळ, ५० आणि ४०. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. याच्याशिवाय एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, खाजगी जागेत साउंड सिस्टिम लावली तर त्या जागेच्या हद्दीवर, म्हणजे कंपाउंडच्या भिंतीपाशी, आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलच्या वर जाता कामा नये. राहत्या वस्तीत म्हणजे दिवसा ६०. साठ डेसिबल म्हणजे दोन माणसं समोरासमोर बसून गप्पा मारतात तेवढा आवाज! मी हे आमच्याकडे एकाला सांगितलं तर त्याला खरंच वाटेना.

५५ च्या जागी ६५ झाले तर १० चाच फरक आहे ना, एवढं काय?

इथेच सगळ्यांची गल्लत होते. डेसिबल किलो-लिटरसारखं सरळ मोजमाप नाही. दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते, म्हणजे ५५ वरून ७५ वर गेलं की शंभरपट. कानाला मात्र दर १० ला साधारण दुप्पट वाटतो, म्हणून आपण फसतो, दुप्पटच तर वाढलाय म्हणतो आणि कानाच्या आत काय चाललंय ते कळत नाही. नुसते ३ डेसिबल वाढले तरी ऊर्जा दुप्पट झालेली असते. म्हणजे एका स्पीकरच्या शेजारी तसाच दुसरा लावला की तीनच वाढतात, आणि म्हणूनच डीजेवाले दोनावर थांबत नाहीत.

दारं-खिडक्या सगळं बंद केलं तरी धप धप येतंच, असं का?

कारण जाड आवाजाची लाट लांब असते. ५० हर्ट्झच्या बेसची एक लाट जवळपास ७ मीटर लांब, आपल्या हॉलपेक्षा लांब, तिला तुमची खिडकीची काच आणि वीटकामाची भिंत म्हणजे फार काही अडथळा वाटत नाही, ती भिंतीलाच हलवते आणि भिंत पलीकडची हवा हलवते. बारीक आवाज, गाण्याचे शब्द, सनई, हे काचेला अडतात. त्यामुळे घरात गाणं येत नाही, नुसती धपधप येते.

आमच्याकडे ओट्यावर पाण्याचा स्टीलचा पेला पालथा ठेवलेला असतो. एकदा मेच्या लग्नसराईत मी अंधारात पाणी प्यायला उठलो तर तो पेला ग्रॅनाइटवर किणकिण करत स्वतःच सरकत होता, एका ठोक्याला एक केसभर, बघता बघता सिंकच्या कडेपर्यंत आला. मी हात लावून धरला तर बोटांत ठोके जाणवत होते. आईची अँजिओप्लास्टी होऊन तेव्हा अकरा दिवस झाले होते, ती आतल्या खोलीत जागीच होती, छातीवर हात ठेवून, मला म्हणाली, "हे माझं आहे का बाहेरचं तेच कळत नाहीये रे."

थंडीत हे आणखी वाढतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्यामानाने उबदार असते, अशा वेळी आवाज वर न जाता खाली वाकतो आणि लांबपर्यंत पोचतो. नाशिकरोडच्या गाडीची शिट्टी आमच्याकडे थंडीतल्या पहाटे ऐकू येते, उन्हाळ्याच्या दुपारी कधीच नाही.

मोबाइलवरच्या ॲपने मोजलेलं चालतं का?

स्वतःला कळण्यासाठी चालतं, पुरावा म्हणून फार टिकत नाही. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो आणि तो कॅलिब्रेट केलेला नसतो, दोन फोन शेजारी ठेवले तर दोन वेगळे आकडे येतात. शिवाय बहुतेक ॲप कानाच्या हिशोबाने, म्हणजे ए-वेटिंगने आकडा दाखवतात, त्यात बेस कमी धरला जातो. त्यामुळे घर हादरत असतं आणि ॲपवर ६२ दिसतं, तुम्हाला वाटतं आपलंच चुकतंय. चुकत नाहीये. तरी रोज एकाच जागी, एकाच खिडकीशी, एकाच फोनने मोजून तारीख-वेळ वहीत लिहून ठेवा, तक्रार करताना अशी वही समोर ठेवली की समोरचा माणूस थोडा वेगळा वागतो असा माझा अनुभव आहे.

तक्रार कुठे करायची?

चालू असताना ११२. फोन लावा, जागेची खूण नीट सांगा, किती वाजल्यापासून चालू आहे ते सांगा. नियमानुसार कारवाईचा अधिकार शहरात पोलिस आयुक्तांकडे आणि त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे असतो, त्यामुळे लेखी अर्ज पोलिस स्टेशनला द्यायचा आणि त्याची एक प्रत आयुक्तालयात, दोन्हीकडे पोच घ्यायची, शिक्का आणि तारीख बघून घ्यायची. कारखान्याचा किंवा जनरेटरचा रोजचा त्रास असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक ऑफिस नाशिकलाच आहे.

अर्जात काय लिहायचं ते महत्त्वाचं. "खूप त्रास होतो" लिहिलं की तो कागद बाजूला पडतो. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते, ती होती का ते विचारा. रात्री १० ते ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, फक्त चारी बाजूंनी बंद हॉलमध्ये आतल्या आत चालतो, आणि लॉन्स म्हणजे उघडं मैदान आहे, कडेने कनात लावली म्हणून तो बंद हॉल होत नाही, हे स्पष्ट लिहा. वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस १० ऐवजी १२ पर्यंत सूट देता येते, ती सांस्कृतिक-धार्मिक उत्सवांसाठी असते आणि ते दिवस जिल्हाधिकारी आधी जाहीर करतात. कोणाच्या हळदीचा दिवस त्यात येत नाही.

पहिल्या वर्षी मी चार वेळा फोन केला. दोनदा गाडी आली, आवाज कमी झाला, गाडी वळली की परत वाढला. एकदा मलाच विचारलं की लग्न काय रोज होतं का, घ्या ना ॲडजस्ट करून. तो माणूस वाईट नव्हता, त्याला त्या रात्री अजून पाच ठिकाणी जायचं होतं. पण "लग्न एकदाच होतं" हे वाक्य त्या नवरा-नवरीसाठी खरं आहे, समोर राहणाऱ्यासाठी त्या सीझनमधलं ते एकतिसावं लग्न असतं. शेवटी उपयोग झाला तो सोसायटीतल्या अठरा जणांच्या सह्यांच्या अर्जाचा, आणि लॉन्सच्या मॅनेजरशी दिवसा, सकाळी अकराला, शांतपणे जाऊन बोलण्याचा. रात्री भांडायला जाऊ नका. रात्री दोन्ही बाजूंची डोकी फिरलेली असतात.

तक्रार केली तर आपलं नाव कळेल ना? नंतर वैर नको.

ही भीती खरी आहे, शेजारपाजारचाच मामला असतो. पण जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने एका निकालात स्पष्ट सांगितलंय की तक्रारदाराची ओळख न विचारता पोलिसांनी कारवाई करावी, आणि लाउडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही हेही त्यातच सांगितलंय. त्याआधी १८ जुलै २००५ ला सुप्रीम कोर्टाने ध्वनिप्रदूषणाच्या मोठ्या निकालात म्हटलं होतं की बोलण्याच्या स्वातंत्र्याच्या नावाखाली कोणी दुसऱ्याला सक्तीने ऐकायला लावू शकत नाही. मला त्या "सक्तीने"चा फार आधार वाटतो. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत.

दवाखाना, शाळा, कोर्टाजवळ वेगळा नियम आहे का?

आहे. त्यांच्या भोवतालचा किमान १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र, पण २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने तो भाग तसा जाहीर केलेला असावा लागतो, म्हणून आधी ते तपासा. अशा ठिकाणी हॉर्न वाजवायचा नाही, आणि रात्री तर राहत्या वस्तीतही कुठेच नाही, इमर्जन्सी सोडून. विनाकारण हॉर्नला मोटार वाहन कायद्यात पहिल्यांदा १००० आणि नंतर २००० रुपये दंड आहे. द्वारका चौकात सिग्नल लाल असताना मागून हॉर्न मारणाऱ्यांना हे कोणी सांगितलं तर बरं होईल. बुलेटचा सायलेन्सर बदलून फटाके काढत कॉलेज रोडला फिरणाऱ्यांसाठी दंड १०,००० पर्यंत जातो आणि लायसन्स तीन महिन्यांसाठी जाऊ शकतं.

साउंडप्रूफ खिडक्या बसवून फरक पडतो का?

पडतो, पण काचेआधी फटी बघा. जिथून हवा येते तिथून आवाज येतो. आपल्याकडच्या स्लायडिंग खिडक्यांना कितीही भारी काच लावली तरी ट्रॅकच्या फटीतून सगळं आत येतं, त्यापेक्षा दारासारखी उघडणारी आणि रबर गास्केटवर दाबून बसणारी खिडकी चांगली. दोन काचांमध्ये जितकं जास्त अंतर तितकं बरं, आणि लॅमिनेटेड काच घ्या. जाड पडद्याने बाहेरचा आवाज थांबत नाही, खोलीतला घुमणारा आवाज तेवढा कमी होतो, दुकानदार काहीही सांगो. मी पूर्ण खर्च एकदम परवडत नव्हता म्हणून फक्त आईच्या खोलीची खिडकी बदलली. हॉर्न, गाड्या, माणसांचा गलका, सगळं खूप कमी झालं. बेस कमी झाला नाही, तो वर सांगितलं तसा भिंतीतूनच येतो.

इअरप्लग रोज वापरले तर चालतात का?

चालतात, हात स्वच्छ धुऊन वापरायचे आणि फोमचे असतील तर वरचेवर बदलायचे. बहुतेक लोक ते नुसते कानाच्या तोंडाशी अडकवतात आणि म्हणतात काही उपयोग नाही. बोटांत वळून अगदी बारीक काडीसारखा करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट ठेवून धरा. आता स्वतःचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटला की नीट बसला. कान फुटलेला असेल किंवा वाहत असेल तर आधी डॉक्टर.

हळूहळू सवय होते ना? मी अंबडला प्रेस शॉपमध्ये आहे, पहिलं वर्षभर त्रास झाला, आता काहीच वाटत नाही.

दादा, हे वाचून मला काळजी वाटते. "काहीच वाटत नाही" याचे दोन अर्थ असतात, एक म्हणजे मन लक्ष देत नाही, आणि दुसरा म्हणजे कानाला ऐकूच येत नाही. कानाच्या आत बारीक केसांसारख्या पेशी असतात, त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. साधारण हिशोब असा की ८५ डेसिबल ८ तास सहन होतात, त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करायची, ८८ ला ४ तास, ९१ ला २, असं करत करत १०० ला फक्त १५ मिनिटं. मोठ्या आवाजाने आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचं ऐकणं जातं. म्हणजे आवाज येतो पण स, श, च यात फरक कळत नाही, माणूस सारखा "काय म्हणालास?" विचारतो, घरचे म्हणतात लक्ष नसतं याचं. कंपनीकडून कानावर लावायचे मफ मागून घ्या, वर्षातून एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी करा.

आणि झोपेत तर सवय होतच नाही. तुम्हाला जाग आली नाही तरी हॉर्न वाजला की छातीचे ठोके वाढतात, बीपी वर जातं, झोप उथळ होते. जागतिक आरोग्य संघटनेने झोपायच्या खोलीत ३० डेसिबल सांगितलेत.

कानात शिट्टी किंवा घूं असा आवाज येतो, ते काय असतं?

त्याला टिनिटस म्हणतात. मला ते लॉकडाऊनमध्ये कळलं. २०२० च्या एप्रिलमध्ये रात्री नाशिक इतकं शांत झालं होतं की हायवेसुद्धा गप्प, आणि मला बेडरूममध्ये एक बारीक ई ई ई ऐकू यायला लागलं. मला वाटलं सेट टॉप बॉक्स. तो काढला. मग इन्व्हर्टर बंद केला, फ्रिजचा प्लग काढला, शेवटी मेन स्विच खाली ओढला आणि काळोखात हॉलमध्ये उभा राहिलो, तरी ते चालूच, आणि मग मी तळव्याने दोन्ही कान दाबले तेव्हा ते वाढलं. सगळं शहर शांत झालं आणि त्याच वेळी मला समजलं की माझ्याकडे शांतता उरलेलीच नाही.

यावर गोळी नाही. ईएनटी डॉक्टरांना दाखवा, ऐकणं कमी झालं असेल तर श्रवणयंत्राने शिट्टीही मागे पडते, पंख्याचा किंवा पाण्याचा हलका आवाज ठेवला तर झोप लागते, समुपदेशनाने भीती कमी होते. अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं तर मात्र सकाळची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी जा, पहिल्या एक-दोन दिवसांत औषध सुरू झालं तर फरक पडतो.

मुलगी ढोल पथकात जाते म्हणते, पाठवू का?

पाठवा. पण प्लग घालूनच, सरावालासुद्धा, कारण मिरवणूक एक दिवस असते आणि सराव दीड-दोन महिने, तिथेही आवाज सहज १०० च्या पुढे जातो. ताशाच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही. घरी आल्यावर कान बधिर वाटले तर तो इशारा आहे, दुसऱ्या दिवशी सुट्टी. आम्हाला हे कोणी सांगितलं नाही, कापूस घातला तरी पोरं नावं ठेवायची.

देवळालीचे धमाके आणि ओझरच्या विमानांचं काय?

ते नाशिककरांच्या अंगवळणी पडलंय. देवळालीला तोफखान्याचा सराव, ओझरला एचएएलची विमानं, काचा थरथरतात, कुत्री भुंकतात, दोन मिनिटांत सगळं पूर्ववत. लहान बाळ किंवा हृदयविकाराचं माणूस घरात असेल तर तेवढं आधी सांगून ठेवावं, म्हणजे दचकणं कमी होतं.

कुंभमेळ्याची कामं रात्रभर चालतात, तीही थांबवता येतात का?

नियमात राहत्या वस्तीत आणि शांतता क्षेत्रात रात्री आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवायला मनाई आहे, आणि २०२७ जवळ येतंय तशी घाईही समजते. निदान ब्रेकर आणि कटर दहाच्या आत आणि काँक्रीट ओतायचं काम नंतर, एवढं तरी ठेकेदाराकडे मागता येतं. आमच्या गल्लीत मागितलं, मिळालं.

नाशिकमध्ये शांतता मिळते तरी कुठे?

सावानात, म्हणजे आपलं सार्वजनिक वाचनालय, १८४० पासूनचं. कामाच्या दिवशी पांडवलेणी, सकाळी लवकर, रविवारी अजिबात नाही. पायऱ्या चढताना खालचा हायवे घोंघावत असतो आणि एखाद्या लेण्याच्या आत पाऊल टाकलं की तो दारातच थांबतो, एवढा दगड आहे तो. थंडीत नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य. तिथे बिलकूल शांत नसतं खरं तर, बदकांचा कलकलाट असतो, पण परत येताना डोकं हलकं असतं.

आणि इगतपुरी. धम्मगिरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं, पहाटे चारला उठायचं, दहाव्या दिवसापर्यंत कोणाशी बोलायचं नाही, खुणासुद्धा नाही. मला भीती होती की तिथल्या शांततेत शिट्टीने वेड लागेल. पहिले तीन दिवस तसंच झालं, मी निघून जायच्या बेतात होतो. मग कधीतरी ती शिट्टी म्हणजे पायाला आलेल्या मुंग्यांसारखी एक गोष्ट झाली. आहे, तर आहे. ती गेली नाही, तिची भांडणं गेली.

एवढी कसली ओढ आहे तुम्हाला शांततेची? करमतं का तिथे?

मला पूर्ण शांतता आता मिळणार नाही हे माहीत आहे. मला बारीक आवाज हवे आहेत, जे मोठ्या आवाजाखाली दबून जातात आणि माझ्या कानाच्या बाबतीत तर कायमचेच चाललेत. आईचं आतल्या खोलीतलं पुटपुटत हरिपाठ म्हणणं. दुधाची पिशवी दाराच्या कडीला अडकवल्याचा आवाज.

गेल्या हंगामात, अठरा सह्यांच्या अर्जानंतर, एका रात्री डीजे दहा वाजून पाच मिनिटांनी खरंच बंद झाला. मुलगी माझ्या शेजारी झोपली होती. तिच्या पैंजणाला एकच घुंगरू उरलंय, बाकीची शाळेत पडली. मला वाटलं तिने कूस बदलली तेव्हा काहीतरी वाजलं, खात्री नव्हती, म्हणून मी वळून उजवा कान वर केला आणि ती पुन्हा पाय हलवेपर्यंत जागा राहिलो.